माणसं की माल

उल्हासने गुडघ्यांवर बसून काँक्रीटवर खडूने लांबट चौकोन काढला आणि आत लिहिलं, ‘लेथ’. टेपचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या वॉल्टने ती देवनागरी अक्षरं कौतुकाने पाहिली.

वॉल्ट हा पंचक्रोशीतला प्रोपेनवाला, गॅसच्या टाक्या आणि हीटर बसवून देणारा. शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून पाऊण तास पश्चिमेला, मक्याच्या शेतांतली ही ट्रॅक्टरची जुनी शेड त्याने मूळ मालकाच्या काळापासून पाहिलेली होती. शेत आता कुमारचं होतं. उल्हास आणि कुमार सांगलीच्या कॉलेजातले मित्र, बावीस वर्षांची ओळख. शेत कुमारने घेतलं, हात उल्हासने लावले. दोन उन्हाळे दर शनिवारी येऊन त्याने छताचे पत्रे बदलले, वायरिंग केलं, जमीन काँक्रीटची केली. या शेडमध्ये दोघांचं वर्कशॉप निघणार होतं. आसपासच्या शेतकऱ्यांचे पंप, गिअर, शाफ्ट, जे मोडेल ते नवं करून द्यायचं. शिकागोत दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर सह्या करण्यापेक्षा हे बरं, असं कुमारच आधी म्हणाला होता.

बाकावर बसवलेल्या व्हाइसला, म्हणजे लोखंडी शिकंज्याला, वाळलेल्या झेंडूची माळ अजून तशीच होती. खंडेनवमीला दोघांनी इथे हत्यारांची पूजा केली होती. झेंडू उल्हासच्या बायकोच्या, पद्मजाच्या अंगणातले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून कुमारने मेपलचं पिवळं पान उल्हासच्या हातावर ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "घे सोनं. आता आपण कुणाचे नोकर नाही." राजीनामे दोघांनी एकदमच द्यायचे, हे तेव्हाच ठरलं.

उल्हासने दुसऱ्याच दिवशी दिला. संध्याकाळी फोनवर कुमारला सांगितलं, तर तो म्हणाला, "झालं एकदाचं!" उल्हासला काय आनंद झाला! पद्मजा तेवढी म्हणाली होती, "आधी त्याचं पत्र बघायचंस, मग आपलं द्यायचंस." बायकांना शंका फार, असं म्हणून उल्हासने तो विषय हसण्यावारी नेला. काल ऑफिसात केक कापून झाला. त्याच्या खुर्चीवर बसणारा नवा माणूसही केक खायला होता. मंगळवारी रॉकफर्डच्या बंद पडलेल्या कारखान्यातला धातू कातायचा लेथ ट्रकवर चढणार होता. बर्फ पडायच्या आत शेड गरम करायची, एवढंच काय ते राहिलं होतं.

"टाकी बाहेर, भिंतीपासून दहा फुटांवर," वॉल्ट सांगत होता. "पाइप जमिनीखालून येईल. एक लक्षात ठेवा, प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली तळाशी साठत राहतो. वास यावा म्हणून त्यात मुद्दाम औषध घातलेलं असतं. वास आला की इथे थांबायचं नाही."

उल्हासने हेही वहीत लिहून घेतलं. त्याच वहीत मेपलचं पान होतं.

"आता मुख्य प्रश्न," वॉल्ट म्हणाला. "माणसं गरम ठेवायची आहेत की माल?"

"म्हणजे?"

"माणसं असतील तर छताखाली लांब नळीचा हीटर. तो हवा तापवत बसत नाही. खालची जमीन, यंत्रं, माणसाची पाठ यांना ऊब देतो. माल असेल तर कोपऱ्यात पंख्याचा ब्लोअर टांगायचा. हवा फिरती राहते, काही गोठत नाही. स्वस्तही पडतो."

"माणसं," उल्हास हसून म्हणाला. "दोन."

वॉल्टने शर्टच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, पाहिला आणि डोकं खाजवलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण आज तो जरा अडखळला.

"बुधवारी तुमचे पार्टनर आले होते. बरोबर एक तरुण माणूस होता. पंचेचाळीस डिग्रीला ठेवायचं, आत सहसा कुणी नसेल, असं मी लिहून घेतलंय. दुसऱ्या कुणाच्या शेडचं इथे लिहिलं असेन."

"असाल," उल्हास म्हणाला. फॅरेनहाइटच्या पंचेचाळीस डिग्रीत, म्हणजे सात सेल्सिअसला, मायक्रोमीटर धरता येत नाही, बोटं बधिर होतात. कुमार इंजिनिअर होता, असं कसं सांगेल? घोळ वॉल्टचाच.

तेवढ्यात कुमारची गाडी आली. तो चांगला कोट घालून आला होता. शनिवारी या शेडमध्ये कोट घालून कुणी येत नसे. आल्या आल्या त्याने वॉल्टशी हात मिळवला, वर छताकडे पाहिलं, खाली खडूच्या चौकोनांकडे पाहिलंच नाही.

"वुई विल गो विथ द ब्लोअर, वॉल्ट," तो म्हणाला.

वॉल्टने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. शहाणा माणूस. टाकीची जागा मोजून येतो म्हणत तो बाहेर पडला.

"ब्लोअर कशाला रे?" उल्हासने वही उघडली. "हे बघ, मी हिशेब केलाय. ग्राइंडिंगची सगळी धूळ पंखा लेथवर आणून टाकेल. शिवाय गरम हवा जाणार छताला आणि आपण खाली पाय गारठवत उभे. नळीचा घेतला तर बरोबर बेंचवर—"

"उल्हास, ऐक."

"खर्च थोडा जास्त आहे, पण एकदाच. आपण दिवसाचे दहा तास इथे असणार यार, पासष्ट तरी—"

"अरे, आम्हाला पंचेचाळीसच्या वर नकोच आहे!"

उल्हासचं बोट वहीवर होतं तिथेच राहिलं.

इंग्रजी ही या बाबतीत मोठी सोयीची भाषा. ‘वुई’ म्हटलं की झालं. त्यात कोण बसलंय आणि कोणाला दाराबाहेर ठेवलंय, ते सांगावं लागत नाही. मराठीत ती पळवाट नाही. बावीस वर्षं हा माणूस त्याच्याशी ‘आपण’ बोलत आला होता. आपण सिनेमाला जाऊ, आपण अमेरिकेला जाऊ, आपण कुणाचे नोकर नाही. आज त्याच्या तोंडून ‘आम्हाला’ निघालं, आणि निघालं ते इतक्या सहज, की गेले कित्येक दिवस घरात हाच शब्द चालू असणार.

"आम्ही म्हणजे?" उल्हासने विचारलं.

कुमारने कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"शैलेंद्र. कांचनचा भाऊ. त्याला गोडाऊन पाहिजे. डेव्हन अव्हेन्यूच्या देशी दुकानांना माल सप्लाय करतो ना तो. आंब्याच्या रसाचे डबे, लोणच्याच्या बरण्या. थंडीत तडकतात. कांचन मागे लागली. बायकोच्या भावाला नाही कसं म्हणणार? मी तुला सांगणारच होतो. दिवाळीनंतर निवांत बसून."

"आणि तुझा राजीनामा?"

"मी कुठे म्हटलं दिला म्हणून?"

"‘झालं एकदाचं’ म्हणालास."

"तुझं झालं, असं म्हणालो."

उल्हासने ते वाक्य आठवून पाहिलं. खरंच, त्यात ‘माझं’ नव्हतं. ते त्याने पदरचं घातलं होतं आणि वर बायकोला हसला होता. खोटं बोलला असता तर निदान खोटारडा तरी म्हणता आलं असतं. याने केसाने गळा कापला होता आणि रक्ताचा थेंब कुठे दिसत नव्हता.

"नोटिशीचे दोन आठवडे होते माझ्याकडे," उल्हास म्हणाला. "या दोन आठवड्यांत एक फोन केला असतास तर मी पत्र मागे घेतलं असतं. कालपर्यंत घेता येत होतं, कुमार."

"तू एवढा खूश होतास, जीभच रेटेना. आणि लेथचं काय एवढं? ठेव की एका कोपऱ्यात. कोण नको म्हणतंय?"

"पंचेचाळीस डिग्रीत लेथ ठेवून काय करू? त्याचं लोणचं घालू?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो ते. कुमारच्याही आलं. एरवी अशा वाक्यावर दोघं पोट धरधरून हसले असते आणि ते वाक्य दहा घरी सांगत फिरले असते. कुमारच्या ओठाचा कोपरा सवयीने हललाही. उल्हासला तो कोपरा पाहवेना. त्याने बुटाने ‘लेथ’मधला ‘थ’ पुसायला सुरुवात केली. काँक्रीट त्याने स्वतःच इतकं खरखरीत केलं होतं, तेलावर पाय घसरू नये म्हणून, की खडू आत बसला होता. निघेना.

वॉल्ट दारात येऊन बूट आपटत उभा राहिला.

"मग, काय ठरलं?"

"ब्लोअर," उल्हास म्हणाला. "वायव्येच्या कोपऱ्यात टांगा. वारा तिकडून येतो. थर्मोस्टॅट दारापासून लांब लावा, नाहीतर माल उतरवताना दार उघडं राहिलं की तो उगाच चालू होत राहील. आणि बरण्या भिंतीला चिकटून ठेवू देऊ नका. भिंतीत इन्सुलेशन कमी आहे."

कुमार जमिनीकडे पाहत होता. वॉल्टने सगळं लिहून घेतलं.

"उत्तम. आता शेवटचं," तो म्हणाला. "यात पायलटची ज्योत असते, कायम जळती राहणारी छोटी. कधी वाऱ्याने विझते. ती पेटवायची कशी, हे मी एका माणसाला हाताला धरून शिकवतो. चुकलं तर शेड उडेल. कुणाला शिकवू?"

कुमारने मान वर केली आणि उल्हासकडे पाहिलं. मुद्दाम नव्हे. या शेडमध्ये हात काळे करायचा प्रश्न आला, की तो गेली दोन वर्षं असाच पाहत आला होता. वॉल्टही वळला.

"हू इज गोइंग टु लाइट इट?" त्याने पुन्हा विचारलं.

"दे आर," उल्हास म्हणाला.

वॉल्टची पेन्सिल थांबली. कुमारचा चेहरा उतरला. इंग्रजीतही कधी कधी सोय राहत नाही.

"उल्हास, अरे, आपण घरी जाऊन शांतपणे बोलू ना," तो घाईघाईने मराठीत म्हणाला.

उल्हास बाकाशी गेला. व्हाइस त्याचा होता, घरून आणलेला. त्याने झेंडूची माळ काढून बाकावर ठेवली, ड्रॉवरमधून पाना घेतला आणि पहिल्या बोल्टला लावला.

"तुम्ही बोला," तो म्हणाला.

ते ‘तुम्ही’ मेव्हण्याला धरून दोघांना होतं की एकट्या कुमारला परकं करणारं, हे कुमारने विचारलं नाही. बोल्ट घट्ट होता. उल्हासने तो दोन्ही हातांनी फिरवला.