उशीवर आलेला आळ

"सिगरेट सोडल्यावर माणसाची झोप का उडते?"

शाळेत डॉक्टरबाई आल्या की भर वर्गात हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आणि आमच्या घरच्या लेकीनं चक्क विचारलं! पण आधी माझी ओळख. मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. जरा गाठाळलेली, पण मनानं साफ.

पिंजाऱ्यानं कापूस भरला तेव्हा मी अशी टम्म फुगले होते की आई म्हणाली, "ही उशी आहे की भोपळा?" बाबा बस चालवतात. हॉर्न ऐकून किटलेले त्यांचे कान माझ्यावर टेकले, की लगेच घोरणं सुरू! "अशी उशी दुसरी नाही," असं ते पाहुण्यांनाही सांगायचे. त्यांच्या केसांतला धुराचा वास मात्र माझ्यात मुरत गेला.

मग बाबांनी सिगरेट सोडली. आईनं मला उन्हात घातलं, मी पुन्हा ताजीतवानी झाले. पण बाबांची झोपच पळाली! त्यांनी मला उलटवलं, दुमडलं, बुक्के मारले आणि शेवटी आळही माझ्यावरच. "हिच्या गाठी टोचतात." घरात फोमची उशी आली, मी गेले कपाटावर. तिच्यावर तरी झोप लागते का, हे मी वरून डोकावून बघायचे. छे!

बाबा वैतागले. "अशा डोळ्यांनी बस कशी चालवू? त्यापेक्षा परत एक ओढतो." आईचा चेहरा उतरला.

म्हणून तर लेकीनं ती पैज घेतली. धापा टाकतच ती घरी आली. "बाबा, डॉक्टरबाई म्हणाल्या, सवय सुटताना थोडे दिवस झोप बिघडते, मग बसते जागेवर. पण तलफ आली की तुम्ही काय करता?"

"कॉफी पितो. डेपोतले हसतात, धूर गेला नि थर्मास आला म्हणून."

"तेच तर! डॉक्टरबाईंनी हेही सांगितलं, धुरामुळे शरीर कॉफी पटकन निपटून टाकायचं. आता तीच कॉफी अंगात कितीतरी जास्त वेळ मुक्काम ठोकते!"

"अगं बाई," आई म्हणाली, "म्हणजे बिचाऱ्या उशीचा काही दोषच नव्हता?"

मित्रांनो, माझा कापूस पुन्हा टम्म फुगला! तुमच्या घरी कुणाची झोप उडाली, तर उशीला बुक्के मारण्याआधी "का?" असं विचारा. लाजू नका.

लेकीनं खुर्चीवर चढून मला खाली ओढलं, झटकलं आणि मला काखेत मारून जाहीर केलं, "आई, बाबा, मी ठरवलंय. दुपारनंतर या घरात कॉफी बंद, माझीसुद्धा! थर्मासात पाणी. तरीही झोप नाही आली, तर बाबांना दवाखान्यात मी नेणार. सिगरेट परत येणार नाही. परत येणार ती फक्त ही उशी!"