तासातासाचे कप्पे

काटोलच्या संत्रा-लिलावाचं ॲप आपल्या टीमनं बनवलंय, याचा मिनलला भारी अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. शेतकऱ्यानं मोबाइलवर भाव बघायचा, पटला तर ‘मंजूर’ दाबायचं, माल विकला. नागपूरच्या आयटी पार्कात बसून केलेलं काम तिच्या बाबांच्या, रुपरावांच्या, हातात रोज असायचं.

पण हंगाम भरात आला आणि ॲप अडखळू लागलं. घोळ टोकनांचा होता. माणूस पिन टाकून आत आला की त्याला थोड्या मिनिटांचं टोकन मिळे, जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटासारखं; ते संपलं की पुन्हा पिन. ही टोकनं तीन शहरांतल्या सर्व्हरवर सारखीच ठेवलेली. एक बंद पडला तर बाकीच्यांनी काम चालवावं म्हणून. गोची अशी, की मुदत संपलेलं टोकन डेटाबेस लगेच फेकत नाही. तिन्हीकडे खबर पोचावी म्हणून त्याच्या जागी ‘हे गेलं’ अशी खूण ठेवतो. लिलावाच्या दिवशी या खुणांचा असा खच पडे, की एक जिवंत टोकन शोधायला तो सगळा तुडवत जावं लागे. तोवर लिलाव पुढं सरके आणि शेतकरी शिव्या घालत बसे.

पुण्याच्या ऑफिसातल्या विक्रमसरांनी फोनवरच तोडगा काढला. “टोकन दिवसभराचं करा. टोकनं कमी, खुणा कमी.”

“ते नाही जमणार, सर. आमच्याकडे बाजारात फोन एकाचा असतो आणि फिरतो दहा जणांच्या हातात. टोकन दिवसभर जिवंत राहिलं तर भलताच कोणी माल विकून मोकळा होईल.”

“तुम्ही जरा वाढवून सांगताय. पुढच्या लिलावात हेच रडगाणं असेल, तर काम आम्ही पुण्याला घेऊ.”

मिनलच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं डेटाबेस सांभाळणाऱ्या लतिकाला शेजारी बसवलं. “एकेक टोकन पुसत बसायचंच काहून वं? तासातासाचे कप्पे करू. तास संपला का कप्पाच उडवू. खूण ठेवायचं कामच नाही.”

दोघींनी तसं केलं आणि चाचणीत तोंडावर आपटल्या. तासाच्या शेवटी आत आलेली माणसं कप्प्यासोबतच बाहेर फेकली जात होती. लतिका हिरमुसली, मिनल मात्र इरेला पेटली. टोकन कधी जन्मलं ते बघायचंच नाही, मरणार कधी ते बघायचं! ज्या तासात संपणार त्या तासाच्या कप्प्यात ते टाकायचं, आणि कुठला कप्पा तेही टोकनावरच लिहायचं. मग उडवताना आत जिवंत काही उरतच नाही.

लिलावाच्या दिवशी विक्रमसर सकाळपासून ऑनलाइन मीटिंगवर ठाण मांडून होते. बाजारात गर्दी झाली, भाव धावू लागले. टोकन शोधायला किती वेळ लागतो ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ जी सरळ चालली ती सरळच. मिनलची मान ताठ झाली.

“वेग मान्य,” विक्रमसर म्हणाले. “पण सारखा पिन विचारून लोकांना छळायची गरज मला अजून पटत नाही.”

तेवढ्यात रुपरावांचा फोन आला. मिनलनं तो स्पीकरवर घेतला आणि मीटिंगचा माइक मुद्दाम चालू ठेवला.

“मिने, ऐक वं! आपल्या गावच्या धोंडबानं घरी बोलाले माहा फोन नेला, अन् त्याचं बोट पडलं ना ‘मंजूर’वर! भाव तं पार पडेल होता. पन ॲपनं त्याले पिन मागतला. त्याले कुठचा माहीत! सारे हासून राहिले. मी म्हटलं, हासता काहून गा? माह्या पोरीनं बनवलं हे. माहा माल माह्या हाताशिवाय इकत नाही!”

मिनलचे डोळे भरून आले, तरी ते तिनं पुसले नाहीत.

“टोकन आहे तेवढंच ठेवा,” विक्रमसर म्हणाले. “काम नागपुरातच राहील.”

“ते राहणारच होतं, सर,” मिनल म्हणाली.