भांडारातलं इंजिन

माझ्या थोरल्या भावाला, रामाला, पाच मुलींवर मुलगा झाला ते एकोणीसशे चौतीस साल. फाल्गुनातली द्वादशी होती. घरात आनंद झाला, पण मी मनातून खट्टू झालो. भावाचं मूल म्हणजे आम्हां भावकीला दहा दिवस सोयर, आणि सोयरात देवळाच्या आवारात पाऊल टाकता येत नाही. शिमग्याचा होम तीन दिवसांवर आला होता. त्या वर्षी देवळापुढे विजेचे दिवे लागायचे होते आणि ते लावणं माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं.

आमचं गाव हातखंब्यापासून दोन कोस आत. निम्मे पुरुष मुंबईला. त्या मंडळींनी एका फिरत्या सिनेमावाल्याकडून जुनं इंजिन घेतलं होतं. पेट्रोलवर चालणारं इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला डायनामो, दोन्ही एका लाकडी चौकटीवर बसवलेली. बांबू घातला की चार गडी उचलून नेत. मी माझगावला एका कारखान्यात इंजिनांचं तेलपाणी करायचो, म्हणून ते माझ्या हवाली केलं. तिथल्या हसन मिस्त्रींनी, ते आपल्या राजापूरचेच, मला दोन रविवार समोर बसवून शिकवलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. सगळं तोंडपाठ केलं.

शेवटच्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "शिवा, एक गोष्ट. हे बंद जागेत चालवायचं नाही. गेल्या पावसाळ्यात एक पहारेकरी इंजिन भिजेल म्हणून पत्र्याच्या खोलीत घेऊन बसला. सकाळी मेलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. इंजिनाच्या धुरात जे मारतं ते दिसत नाही, त्याला वास नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. बाकी काही विसरलास तर तुझं बोट जाईल. हे विसरलास तर माणूस जाईल."

बोटीने रत्नागिरी बंदर आणि तिथून बैलगाडीने इंजिन गावात आणलं. चार दिवसांनी भावाला मुलगा झाला.

मग इंजिन कोण चालवणार यावर गावकी बसली. गंगाराम गुरव म्हणाला, मी चालवतो. गंगाराम आमच्या ग्रामदेवीचा पुजारी. पन्नाशीच्या आतला, सडपातळ, हाताने कसबी. पालखीची मोडलेली दांडी तोच सांधायचा, ढोलांना कातडी तोच चढवायचा. देवळाच्या गडग्याबाहेर, म्हणजे आवाराच्या दगडी बांधाबाहेर, आमचा मळा होता. तिथे मी त्याला दोन दिवस शिकवलं.

"हँडल मारताना आंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा," मी सांगितलं. "उलटा झटका आला तर मनगट मोडतं."

"म्हणजे म्हैस पिळतो तसं नाय."

"नाय. आणि धोतराचा सोगा वर खोच. पट्ट्याने ओढला तर तुझ्यासकट ओढील."

"सावित्रीला सांग ते. माझं धोतर ती आवळते," तो म्हणाला. सावित्री त्याची बायको. गडग्यावर बसून ती बघत होती. "इंजिनाने नेलं तर नेलं, मला दुपारची झोप मिळेल," ती म्हणाली.

बाकीचंही सांगितलं. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. आधी इंजिन लयीत येऊ द्यायचं, मग दिव्यांची बटणं एकेक दाबायची. हात ओले असतील तर बटणाला शिवायचं नाही. दर अर्ध्या तासाने तेल बघायचं. डायनामोची एक तार जमिनीत पुरायची, पण आमच्या कातळात सळई जाते कुठे? ती तार लांबवून विहिरीकडच्या ओलीत पुरली. पालखीच्या वाटेवर येईल ती तार आंब्याच्या फांदीवरून नेली. गंगारामला एकदा सांगितलं की पुरे होई. दुसऱ्या दिवशी तो मलाच माझ्या चुका दाखवू लागला.

पौर्णिमेला होम झाला. दुसऱ्या दिवशी पालखी देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या चौथऱ्यावर, बसली. इंजिन आवारातल्या जांभळीखाली, मोकळ्यावर ठेवलं होतं. तिन्हीसांजेला गंगारामने हँडल मारलं आणि दहा दिवे लागले. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी गडग्याबाहेर उभा राहून बघितलं. सगळं नीट झालं.

पण इंजिन आवाज फार करी. गण, गवळण, सोंगं करणारे नमनाचे खेळे नाचायला उभे राहिले तेव्हा मृदंग ऐकू येईना. शिवाय होमाचे निखारे अजून धुमसत होते आणि वाऱ्याने ठिणगी उडाली की लोक पेट्रोलच्या डब्याकडे बघत. रावजीकाका गावचे मुख्य मानकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "इंजिन भांडारात ठेवू. दगडी भिंती आहेत. ठिणगी नाय, आवाज नाय."

भांडार म्हणजे देवळाला लागून असलेली छोटी खोली. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, वर्षभर तिथे ठेवतात. खिडकी नाही, एक बुटकं दार. रूपं पालखीत बसून बाहेर पडली की भांडार उघडं टाकायचं नाही आणि गुरवाशिवाय कुणी आत जायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज.

हे माझ्या कानावर आलं तसा मी गडग्यापाशी धावलो. "काका, ते बंद जागेत चालत नाय," मी ओरडून सांगितलं.

"चालत नाय म्हणजे? बंद पडतं?"

"बंद नाय पडत. धूर कोंडतो. निदान धुराड्याला नळी जोडून भिंतीतून बाहेर काढू दे."

"देवळाच्या भिंतीला भोक पाडू? सोयरातला माणूस तू, बाहेर उभा राहून आम्हाला शिकवतोस होय? देवीला विचारू."

कौल लावला. आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. तांदूळ लावले गंगारामनेच. विचारलं एवढंच, की आई, इंजिन भांडारात ठेवलेलं तुला चालतं काय. तिथे माणूस बसला तर काय होईल हे कुणी विचारलं नाही, कारण ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी आत नव्हतो. उजवा कौल झाला.

दुपारी गंगाराम पाणी भरायला विहिरीवर आला. मी त्याला गाठलं.

"दादा, भांडाराचं दार उघडं ठेव."

"रूपं बाहेर असताना? रावजीकाका माझं सालटं काढतील."

"मग वीतभर तरी. आणि आत बसू नको. तेल बघायचं, बाहेर यायचं."

"अरे, गुरव धुराला भ्याला तर देवीला धूप कोण दाखवील? जन्म गेला माझा धुरात."

मिस्त्रींनी सांगितलेली गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. पण सणाचे दिवस, मी सोयरात, वर देवीचा कौल झालेला. अशा वेळी गुरवाच्या तोंडावर मरणाचं नाव काढायचं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, "डोकं जड होतं, दादा, त्याने."

"डोकं तुझ्या बडबडीनेही जड होतं," तो हसून म्हणाला. "वीतभर ठेवतो दार. जा."

संध्याकाळी भांडारातून इंजिनाचा आवाज आला तो लांबून आल्यासारखा. मृदंग स्वच्छ ऐकू येत होता. रावजीकाका खूश झाले. भांडाराचं दार वीतभर उघडं होतं, आतल्या दिव्याची पट्टी मला गडग्यावरून दिसत होती. गण झाला. गवळण सुरू झाली तेव्हा काकांनी भांडाराकडे बघून हात हलवला, आवाज येतो म्हणून. आतून दार ओढलं गेलं आणि उजेडाची पट्टी गेली.

मी वाट बघितली. तेल बघून तो बाहेर येईल असं मनाला सांगत राहिलो. गवळण संपत आली. गडग्याजवळ बसलेल्या एकाला विचारलं, "गंगाराम बाहेर आला काय रे?"

"तुझ्या इंजिनाला अंगाई गात असेल," तो म्हणाला.

"जा, काकांना सांग, दार उघडा म्हणावं."

तो जाऊन आला. "काका म्हणतात, गुरव भांडारात आहे, आपण कोण दार ठोठावणारे? दिवे लागलेत ना?"

दिवे लागलेच होते, आणि त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मला मात्र आली होती. तरी मी गडग्यावर हात ठेवून उभाच राहिलो. किती वेळ ते नक्की सांगता येत नाही. सोंग नाचून परत गेलं एवढा वेळ. मग दिवे तांबडे पडू लागले. आतली हवा इंजिनालाही पुरेनाशी झाली होती.

मी गडगा ओलांडला. "सोयर, सोयर," लोक ओरडले. एकाने माझी बंडी धरली, ती फाटली. मी दार ढकललं. गंगाराम भिंतीला टेकून बसला होता, तेलाची बुधली मांडीवर. चेहरा लाल, गाढ झोपलेल्या माणसासारखा. मी श्वास कोंडून इंजिन बंद केलं आणि त्याला काखेत धरून अंगणात ओढलं. काळोख झाला. कुणीतरी पलिता आणला. गंगारामचा श्वास चालू होता, पण फार सावकाश.

सावित्रीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

मी होय म्हटलं.

"मग त्याला का नाय सांगितलंस?"

रावजीकाकांनी स्वतःची गाडी जोडली. रत्नागिरीच्या डॉक्टरकडे न्यायला आम्ही निघालो. मी, सावित्री आणि काका. वाटेत काका एकदाच बोलले. "मी हात हलवला नसता तर," एवढं म्हणाले.

पुढे देवळाची शुद्धी झाली. मला गावाने दंड केला नाही, बोलही लावला नाही. ते इंजिन मी आणखी नऊ वर्षं चालवलं, दरवेळी मोकळ्यावर, देवळापासून चाळीस हात लांब. आवाज होतो म्हणून कुणी कुरकुर केली नाही. ज्याला ज्याला शिकवलं त्याला हँडल हातात देण्याआधी ही हकिकत सांगितली, सण असो नाहीतर लग्न. चाळिशीनंतर मुंबईच्या रात्रशाळेत लिहायला शिकलो, म्हणून आता लिहूनही ठेवतो.

गंगाराम बाबू गुरव फाल्गुन वद्य तृतीयेला, शके अठराशे पंचावन्न, उजाडायच्या सुमाराला हातखंब्याच्या पलीकडे गाडीत वारला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं.