तलावाचा भोंगा, मोटारीचा चाकर

मी एक जुना भोंगा आहे आणि मित्रांनो, मी भयंकर संतापलेला आहे. कान झाकायचे तर झाका, पण ऐका.

अक्कलकोटकडच्या एका गावात, शाळेच्या गच्चीवर माझं ठाण आहे. गावाच्या वर मातीच्या भिंतीचा तलाव, गावाच्या खाली ओढा. कारखान्यात मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या दुधाचं विरजणाशिवाय दही झालं. खोटं वाटत असेल तर त्या दुधाला विचारा! बसवायला आलेले साहेब गावाला म्हणाले, "हा फक्त तलावासाठी. हा वाजला की हातातलं टाका आणि शाळेमागच्या माळावर चढा. ओढ्याकडे जायचं नाही." माझ्या गळ्यात हार पडला. हार वाळायच्या आत साहेब गेले, ते गेलेच.

मला बॅटरी मात्र कुणी दिली नाही. मी थ्री-फेजवर, म्हणजे शेतीच्या मोटारींना दिवसातले काही तासच मिळणाऱ्या लाईटवर चालणारा. पंचायतीचा शिपाई तिप्पण्णा रोज थ्री-फेज आली की मला वाजवून बघायचा. शेतकऱ्यांनी काय ध्यानात ठेवावं? भोंगा वाजला म्हणजे लाईट आली! झालं. माझा आवाज ऐकला की सगळे ओढ्याकाठच्या पाण्याच्या मोटारी सुरू करायला पळायचे. "लई कामाचा भोंगा हाय," असं कौतुकही व्हायचं. माणसांना माळावर चढवायला जन्मलेलो मी, रोज त्यांना ओढ्यात उतरवत होतो!

बोलली ती एकटी नागव्वा. ती तलावाच्या पायथ्याला शेरडं चारायची.

"तिप्पा, ह्यो भोंगा तलावाचा हाय, मोटारीचा न्हाय."

"नागक्का, तलाव काय रोज फुटतोय व्हय?"

भिंतीच्या बुडातून दोन वर्षं पाणी झिरपत होतं. अर्ज गेले. अर्जांवर चहाचे कप ठेवले गेले. भाद्रपदात तलाव काठोकाठ भरला आणि मग पंधरा दिवस कडक ऊन. आभाळात ढगाचं चिरगूटही नाही.

अशाच एका दुपारी नागव्वा शेरडं तशीच सोडून धावत गच्चीवर तिप्पण्णाकडे आली. "तिप्पा, झिरपतंय ते पाणी गढूळ झालंय! भिंतीतली माती भाईर येतीया. वाजव!"

तिप्पण्णाने बटण दाबलं. मी असा ओरडलो, की फळ्यावरचे पाढे खाली गळून पडले. बाईंनी मुलांना माळावर नेलं. बायकाही निघाल्या. आणि शेतातले सगळे बाप्ये पळाले ओढ्याकडे! सगळ्यांच्या पुढे नागव्वाचा एकुलता एक चन्नवीर. त्याचा फोन घरी चार्जिंगला.

"चन्नवीरा, माघारी फिर!" ती गच्चीवरून ओरडली. पण माझ्यापुढे तिचं काय चालणार? एका आईची हाक मी गिळली, मित्रांनो.

नागव्वाने खाली ओढ्यात उतरणारी माणसं बघितली. "तिप्पा, डीपी बंद कर, समद्या गावाची लाईट घालव."

"आन् भोंगा?"

"मरू दे तो भोंगा! लाईट गेली की समदे तुझ्याशीच भांडाय येत्यात का न्हाय?"

तिप्पण्णाने जिना उतरून डीपीचा खटका ओढला. मी अर्ध्या आरोळीत मुका झालो. मोटारीही गप्प. ओढ्यातून आधी शिव्या वर आल्या, त्यांच्यामागे माणसं, तिप्पण्णाला बुकलायला.

"काय बे तिप्प्या, आत्ताच आली हुती की लाईट!" चन्नवीर ओरडला.

नागव्वाने त्याची कॉलर धरली. "आदी माळावर चढ, मग मार त्याला. तलाव फुटतोय!"

शेवटचा माणूस माळावर पोचला आणि भिंत बसली. तो आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करतोय. मोटारी गेल्या, ऊस गेला, नागव्वाची अकरा शेरडं गेली. माणूस एकही नाही.

मग सत्कार झाला. कुणाचा? माझा! अरे, मी गप्प बसलो म्हणून वाचलात, आणि हार मला? त्या अकरा शेरडांचं कुणी नावही काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात माझा भाऊबंद असेल तर त्याला एकाच कामाला ठेवा. त्याला बॅटरी द्यायला लावा. भिंतीतून गढूळ पाणी आलं, तर ऊन पडलंय म्हणून बसून राहू नका. उंचावर चला आणि खाली राहिलेल्याला हाक मारा.

आता मला बॅटरी आहे आणि बटणाला कुलूप. किल्ली नागव्वाच्या चंचीत, सुपारीशेजारी. परवा नव्या मोटारी बसल्या, तसा चन्नवीर हळूच म्हणाला, "अव्वा, लाईट कवा येती कळत न्हाय. एकदाच वाजव की."

तिने चंचीचा बंद आवळला. "आदी त्या ओढ्यातनं माझी शेरडं हाका मारून आण. मग वाजवते."