दमयंतीच्या हातचा भात

"वन्सं, ठेवा ती बादली! तुम्ही पाव्हण्या, खुर्चीवर बसा बघू," म्हणत आनंदीवहिनींनी दमयंतीच्या हातून भाताची बादली काढून घेतली. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

दमयंती हसून बसली. आज तिचा आनंद पोटात मावत नव्हता. भावाच्या मुलीच्या, सानिकाच्या हळदीला ती बावीस वर्षांनी वेळणेश्वरच्या घरी आली होती. पहाटे रत्नागिरी स्टँडवर ती एसटीच्या तासभर आधीच जाऊन बसली. "हीच ना गुहागरची?" असं तिसऱ्यांदा विचारल्यावर कंडक्टर वैतागला, "मावशी, घरापर्यंत सोडायला येऊ काय?" तेव्हाही हिला हसूच फुटलं.

चोविसाव्या वर्षी तिला कुष्ठरोग झाला आणि थोरला भाऊ दादू तिला रत्नागिरीच्या मिशन दवाखान्यात सोडून आला. वर्षभराच्या गोळ्यांनी रोग पार गेला, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. न्यायला मात्र कुणी आलं नाही. मग ती तिथल्याच स्वयंपाकघरात रांधू लागली. दादू दरवर्षी नारळ घेऊन यायचा आणि फाटकातूनच परत फिरायचा. या वेळी पत्रिका द्यायला त्याची सानिका स्वतः आली, आत शिरली आणि आत्येच्या हातचा चहा पिऊन गेली.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या प्रार्थनेत श्रद्धा सिस्टरनी येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूची गोष्ट सांगितली होती. म्हातारी तापाने फणफणलेली. येशूने हात धरून तिला उठवलं, ताप गेला आणि ती लगेच सगळ्यांना जेवायला वाढू लागली.

"म्हंजे काय सिस्टर!" दमयंती फणकारली होती. "बरी झाली नाय तोवर कामाला जुंपली? जरा पडू तरी द्यायचं म्हातारीला!"

सगळ्या बायका खो खो हसल्या होत्या.

आता या खुर्चीत बसून तिला ती म्हातारी कळायला लागली. दमयंतीला सरबत मिळालं होतं, नवी साडी मिळाली होती. पण शेजारची खुर्ची रिकामीच होती आणि तिच्या हातातलं भांडं कुणी ना कुणी गोड बोलून काढून घेत होतं. भावकीची पंगत बसली होती. रोग जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी या घरात ती अजून बरी झालीच नव्हती. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

ती उठली. बादली उचलून थेट दादूच्या पानासमोर उभी राहिली.

"दादा, मी वाढू?"

मांडवातल्या माना वळल्या. दादूने शेजारी बसलेल्या बाबूकाकांकडे पाहिलं, मग बहिणीच्या हाताकडे. ती वाकडी बोटं त्याने बहुतेक पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली.

"इचारतेस काय?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वाढ गो. भूक लागलीय मला."

तिने भात वाढला. बाबूकाकांनी आपल्या पानावर आडवा हात धरला. "मला नको. पोट बरं नाय."

त्यांच्या पुढच्यानेही हात धरला. दमयंती थांबली नाही. तिसरी होती एक म्हातारी चुलती. ती म्हणाली, "घाल गो बाय, एवढ्याशान काय होतंय? अजून घाल!" मग पुढची पानं भराभर भरत गेली. कुणी भात मागितला, कुणी मीठ. सानिका हळदीच्या अंगाने दारात उभी राहून "आत्ये, आमच्यासाठी ठेव हां!" असं ओरडली. दादू मान खाली घालून नुसताच कोरडा भात खात होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आनंदीवहिनी कडाडल्या, "अगो दमे, भात घेऊन मिरवतेस काय! वरण निवतंय इथं. या घरात सगळं मी एकटीनंच बघायचं काय?"

"आले, आले!" म्हणत दमयंती पदर खोचून धावली.