नदीपलीकडचा पत्ता

देमिसने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणजे केबेदेमास्तरांनाही ऐकू यावं. मास्तर दर शनिवारी इथिओपियन समाजकेंद्राच्या या खोलीत बसत आणि ज्याचा जो सरकारी अर्ज असेल तो भरून देत. देमिसच्या नागरिकत्वाचा अर्ज त्यांनीच भरला होता. मुलाखतीचं पत्र टपालात टाकल्याचं संगणकावर दिसत होतं, पण बारा दिवस झाले तरी पत्राचा पत्ता नव्हता.

"सध्याचा पत्ता सांगा," नागरिकत्व कार्यालयातली बाई फोनवर म्हणाली.

देमिसने सिल्व्हर स्प्रिंगमधल्या घराचा पत्ता सांगितला.

"जुळत नाही."

शेजारी बसलेली त्याची बायको झेनेबू हसली. "फ्लॅटचा नंबर खाल्लास बघ. नीट सांग."

देमिसने नंबर खाल्ला नव्हता. तो बुटांकडे बघत राहिला. मग पाद्र्याच्या कानाशी पाप सांगावं तसा फोनवर वाकला आणि त्याने दुसराच पत्ता सांगितला. नदीपलीकडचा, व्हर्जिनियातला. शेवटी एक नावही: समरावितच्या घरी.

"बरोबर," बाई म्हणाली. "पत्र तिथेच गेलंय. राज्य बदललं म्हणून तुमची फाईलही तिकडच्या कार्यालयात पाठवली आहे."

मास्तर चष्मा पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

समरावित कोण, हे झेनेबूला विचारावं लागलं नाही. विमानतळावर देमिस प्रवाशांची गाडी चालवायचा, तिथेच पार्किंगच्या खिडकीत ती बसायची. एका लग्नात भेटली होती. खळखळून हसणारी, हिरड्या दिसेपर्यंत.

जिना उतरताना झेनेबू म्हणाली, "भांडून गेलास तेव्हा मित्राकडे, गेताचूकडे राहतो म्हणाला होतास."

"आठ दिवस होतो त्याच्याकडे. मग त्याची आई आली गावाहून."

"मला गेताचू. आणि सरकारला खरं!"

"पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवावं लागतं. नियमच आहे तसा."

झेनेबू पायरीवरच थांबली. हा माणूस पार्किंगची पावती वर्षभर जपून ठेवणारा. "मार्चमध्ये परत आलास. मग ते का नाही कळवलंस?"

"विसरलो."

तो काही विसरत नसे.

"मी जाऊन पत्र घेऊन येतो," तो म्हणाला.

"तू घरी बस. मी जाते."

समरावितने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला बेर्बेरे मसाल्याचा तिखट वास होता. ती क्षणभर गोंधळली, मग बाजूला झाली. "ताई, या ना आत. कॉफी टाकते."

"कॉफी नको. पत्र द्या."

ती आत गेली. झेनेबू दारातच उभी राहिली आणि डोळ्यांनी घर चाळून काढू लागली. सोफा आखूड होता. त्यावर देमिसचे पाय मावले नसते. कपाटाच्या एका दाराला नवी बिजागरी होती, चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत बसवलेल्या. असं आग्रहाने करणारा एकच माणूस तिला माहीत होता. तिच्या घरचा नळ जानेवारीपासून गळत होता.

समरावितने पाकीट आणलं. फोडलेलं नव्हतं.

"दोनदा निरोप दिला मी त्यांना. हो हो म्हणाले, आले नाहीत." ती थांबली. "ताई, काही विचारायचं असेल तर विचारा. जे आहे ते सांगेन."

विचारलं तर ती खरंच सांगेल, अशी तिची नजर होती. तीच झेनेबूला सोसवेना. हिला हिरड्या दाखवत हसायला काय झालं होतं आज?

"बिजागरी चांगली बसलीय," झेनेबू म्हणाली आणि वळली.

बसमध्ये तिने पाकिटावरचं नाव वाचलं. देमिसचं नाव, त्याखाली त्या बाईचं, त्याखाली त्या बाईचं घर. टाईप केलेली काळी अक्षरं. लग्नपत्रिकेत छापावं तसं. तिने नखाने मधलं नाव खरवडून पाहिलं. शाई निघाली नाही. मग पाकीट फोडलं. आत मुलाखतीची तारीख होती: गुरुवार, सकाळी नऊ. पाचच दिवस उरले होते.

रविवारी मास्तरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ऐका दोघंही. बायको नागरिक असली आणि तिच्याबरोबर तीन वर्षं एका छपराखाली काढली, तर अर्ज लवकर करता येतो. नाहीतर पाच वर्षं थांबा. तुमचा अर्ज त्या सवलतीवर उभा आहे. ते वेगळं राहण्याबद्दल विचारणारच. लपवू नका, फाईलमध्ये आहे. रागाच्या भरात गेलो, परत यायचंच होतं, एवढं सांगा. कदाचित निभावेल."

"परत यायचंच होतं," झेनेबूने देमिसकडे बघत म्हटलं. "एवढंच म्हणायचंय."

गुरुवारी तिने त्याचा शर्ट इस्त्री केला. मनात नसताना कॉलरला दोनदा. व्हर्जिनियाच्या कार्यालयात अधिकाऱ्याने दोघांनाही आत बोलावलं. इतिहासाचे प्रश्न देमिसने पटापट सोडवले. मग अधिकाऱ्याने फाईलचं पान उलटलं.

"हा पत्ता. इथे किती दिवस होता?"

"एक्केचाळीस."

"पत्नी बरोबर होती?"

"नाही. आमचं भांडण झालं होतं."

"परत जायचा विचार होता?"

झेनेबूने मांडीवरची पर्स घट्ट धरली. दोनच अक्षरांचं उत्तर होतं. होय.

देमिसने एकदा तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. आवाज मऊ करून त्याने समजावलं, की या सवलतीत आता हे बसणं अवघड आहे. हवं तर अर्ज मागे घ्या. पुढच्या नोव्हेंबरात पाच वर्षं पूर्ण होतात, तेव्हा स्वतःच्या हक्काने करा. बायकोच्या कागदांची तेव्हा गरज पडणार नाही.

देमिसने सही केली.

बाहेर सिमेंटच्या बाकावर दोघं बसली. पार्किंगमध्ये एक कुटुंब छोटे झेंडे घेऊन फोटो काढत होतं.

"खोटंही बोलवलं नाही तुला," झेनेबू म्हणाली.

"त्यांच्याशी नाही बोलवत."

"माझ्याशी जमतं."

त्याने खिशातून फोन काढला. तिला वाटलं, समरावितला कळवतोय. मान न वळवता तिने तिरक्या नजरेने पाहिलं. सरकारी पान होतं, पत्ता बदलल्याचं. आधीचा पत्ता: व्हर्जिनिया. नवा पत्ता त्याने न अडखळता लिहिला. रस्ता, फ्लॅट, पिनकोड. मग बोट थांबलं. नव्या पत्त्यावर राहायला आल्याची तारीख.

"काय घालू?" त्याने विचारलं.

मार्चची सोळा तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी त्याची बॅग दारात बघून तिने चुलीवरचं शिरोचं कालवण जाळलं होतं.

"खरी असेल ती घाल," ती म्हणाली.

त्याने खूप विचार केला. मग सावकाश, एकेक आकडा दाबत, त्याने आजची तारीख घातली.