शिशाचा पट्टा आणि तीन हजार फूट

मी शिशाचा पट्टा बोलतोय. वजन सहा किलोला जरा कमी. समुद्रात बुडी मारणारे मला कमरेला बांधतात, कारण माणूस हा पोकळ प्राणी आहे. नुसता सोडला तर तरंगत राहतो. त्याला खाली न्यायला माझ्यासारखं भक्कम कुणीतरी लागतं.

माझा जन्म मांडवीतला, भागोजींच्या मागच्या पडवीत. भागोजी बोटीवाले. जाळ्याच्या जुन्या शिशाच्या गोळ्या वितळवून त्यांनी मला ओतलं आणि साचा म्हणून बायकोचं आप्पेपात्र वापरलं, तिला न विचारता. मी तेव्हा चांगलाच तापलो होतो, पण सावित्रीबाई माझ्यापेक्षा जास्त तापल्या. ते आप्पेपात्र पुन्हा चुलीवर चढलं नाही. चौदा गोळे रेक्झिनच्या कप्प्यांत शिवून घेतले आणि मी त्यांच्या मुलीच्या, समीक्षाच्या कमरेला लागलो.

समीक्षा बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर कापायची आणि सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना मासे दाखवायला खाली न्यायची. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर ने' असा होतो. हे शिकवूनसुद्धा पर्यटक फोटोसाठी अंगठा दाखवायचे. ती त्यांना निमूट वर आणायची. मग ते विचारायचे, एवढ्यातच का संपलं?

असल्याच एका सहलीत तिला गुरुप्रसाद सर भेटले. आयुष्यभर विमानं चालवून निवृत्त झालेला माणूस. गणपतीपुळ्याच्या अलीकडे सड्यावर, उघड्या कातळी माळावर, त्यांची मातीची धावपट्टी होती आणि दोन सीटचं चिमुकलं विमान होतं. पाणी त्यांना जमलं नाही, पण समीक्षाला आकाश जमलं. अडचण एकच. त्या विमानात पुढच्या सीटवर पंचावन्न किलोच्या खालचा माणूस चालत नाही, तोल बिघडतो. समीक्षा पन्नासची, तीही जेवून उठल्यावर. सरांनी वाळूच्या पिशव्या शोधायला घेतल्या, तर हिने मला उचलून सीटखाली बांधलं. झालं! सकाळी मी तिला बुडवायचो, दुसऱ्या दिवशी उडवायचो. पगार दोन्हीकडे शून्य.

दुसऱ्या दिवशी म्हणतो, ते उगाच नाही. खोल पाण्यात श्वास घेतला की हवा रक्तात मुरते. लगेच उंच गेलं तर ती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसते आणि माणूस लुळासुद्धा पडतो. म्हणून बुडी मारल्यावर अठरा तास तरी उडायचं नाही. हा नियम समीक्षा पर्यटकांना रोज शिकवायची.

नोव्हेंबरात तिची उडण्याची परीक्षा ठरली. परीक्षक पुण्याहून येणार होते आणि आता नाही तर थेट मार्चमध्ये. वेळ दुपारी एकची. त्याच सकाळी भागोजींचा फोन आला. नवं कोरं जाळं बुडालेल्या बोटीच्या सांगाड्यात अडकलं होतं. भरती-ओहोटीचं पाणी फिरलं की त्याच्या चिंध्या होणार. बुडी मारणारा दुसरा माणूस मंडणगडला लग्नाला गेलेला. भागोजींना अठरा तासांचं काही ठाऊक नव्हतं. समीक्षाला ठाऊक होतं. तरी तिने मला बांधलं आणि दोनदा खाली गेली, अठरा मीटर. जाळं सुटलं. भागोजी खूश होऊन तिला म्हणाले, "जा बाय, आता परीक्षा मार."

आणि ती निघाली, हे मला सांगायला हवं. मला टॉवेलने पुसलं, स्कूटरवर पायांजवळ उन्हात पसरलं आणि वाटेत दोनदा थांबून चाचपून पाहिलं. शहाणी मुलगी खोटं बोलायला निघाली की किती मेहनत घेते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

सड्यावर परीक्षक चहा पीत बसले होते. सरांनी मला विमानात ठेवायला उचललं, तर शिवणीतलं पाणी त्यांच्या बुटावर ठिबकलं.

"ओला आहे," ते हळूच म्हणाले.

"धुतला सर."

सरांनी त्या पाण्यात बोट ओलं करून जिभेला लावलं. खारट लागलं तसं तोंड वाकडं केलं. ओरडले मात्र नाहीत. ओरडले असते तर ती भांडली असती. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, परीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी सकाळी अठरा मीटर खाली गेले होते. आज मी उडू शकत नाही."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, खरं सांगितलं म्हणून तिचं कौतुक केलं आणि बॅग गाडीत टाकली. कौतुक हे असंच असतं, त्याने पोट भरत नाही. समीक्षा मला घेऊन चिऱ्यावर जाऊन बसली. रडली नाही, पण माझ्या पट्टीचं बक्कल शंभर वेळा लावलं आणि काढलं.

तेवढ्यात भागोजी आले. सावित्रीबाईंनी पिटाळलं होतं, पोरीची परीक्षा आहे, तोंड तरी दाखव म्हणून. हातात हातभर लांब सुरमई. सरांकडून त्यांना सगळं कळलं. पोरीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि सरळ गाडीसमोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी आजची रात्र रत्नागिरीत काढावी, उद्या परीक्षा घ्यावी, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षक कडक आवाजात म्हणाले, आपण लाच घेत नाही.

"लाच नाय साहेब, जेवान आहे. लाच घेऊन मानूस निघून जातो. जेवायला मानूस राहतो."

परीक्षकांनी सुरमईकडे पाहिलं. नियमांच्या पुस्तकात जेवणाविषयी काही लिहिलेलं नसावं. ते राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आम्ही उडालो. मी सुकाखडंग, समीक्षा पुढे, परीक्षक मागे, कालच्या कालवणाने जरा जास्तच वजनदार. तीन हजार फूट वर गेलो, वळणं घेतली, मग परीक्षकांनी इंजिन मंद करायला लावलं आणि तिने अलगद खाली आणलं. चाकं मातीला लागली तेव्हा मागून एक समाधानाचा ढेकर आला. ती पास झाली. मार्क कशाला मिळाले, ते विचारू नका. उडणं मी सीटखालून अनुभवलंय आणि ते स्वच्छ होतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. बुडी मारायला तिने दुकानातला निळा पट्टा आणलाय, दिसायला देखणा आणि स्वभावाने आगाऊ. मी कायमचा विमानात राहतो. शिशाच्या जातीत एवढं वर कुणी गेलं असेल, असं मला वाटत नाही.

एक विनंती आहे. कधी सड्यावरून जाताना डोक्यावर घरघर ऐकू आली, तर हात करा. सीटखालून मला काही दिसत नाही. पण ती वरून उत्तरादाखल हात करते तेव्हा विमान तुमच्या बाजूला जरासं कलतं, आणि ते मला कळतं.